पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झालेत? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

रात्री साडेनऊला फोन आला. "सर, पेनड्राइव्ह लावला तर सगळे फोल्डर दिसतायत, पण प्रत्येकावर छोटा बाण आलाय. उघडलं की काहीतरी काळं चमकून जातं." एका शाळेतल्या मॅडम होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गाची निकालपत्रकं द्यायची होती आणि ती सगळी त्या पेनड्राइव्हमध्येच होती. मी माझा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, फॉरमॅट केलं नाही ना?" नाही म्हणाल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तालुक्याच्या गावात कम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हा एकच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूनच ओळखू येतो. लोक त्याला 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. शाळा, झेरॉक्सची दुकानं, लग्नाचे फोटो काढणारे, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, कॉलेजची मुलं, जिथे जिथे पेनड्राइव्ह या हातातून त्या हातात जातो तिथे तो आहे. आणि दर वेळी दोनच चुका होतात. पहिली, माणूस घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतो आणि जो डेटा जागेवरच होता तो स्वतःच्या हाताने घालवतो. दुसरी, पेनड्राइव्ह साफ करतो आणि ज्या कम्प्युटरमधून रोग आला त्याला हातच लावत नाही. मग आठ दिवसांनी पुन्हा तेच.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. क्रम मोडू नका. आधी फुकटच्या आणि सोप्या तपासण्या आहेत, अवघड शेवटी.

लक्षणं

सगळी एकाच वेळी दिसतीलच असं नाही. दोन-तीन जुळली तरी पुरे.

- फोल्डरच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण आहे, आणि 'साइझ'च्या रकान्यात एक-दोन केबी एवढाच आकडा आहे.
- पेनड्राइव्ह उघडल्यावर आत एकच शॉर्टकट दिसतो आणि त्याला खुद्द पेनड्राइव्हचंच नाव आहे.
- पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, पण जागा मात्र भरलेली आहे.
- शॉर्टकट डिलीट केले तरी काही सेकंदांत परत उगवतात.
- लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण केली तर ती आपोआप निघून जाते.
- टास्क मॅनेजर उघडायला गेलं की तो ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय असा संदेश येतो, आणि ॲडमिनिस्ट्रेटर तर तुम्हीच आहात.
- एकाच मशीनला लावलेले सगळे पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं सारखीच बिघडतात.

आता जे व्हायरस वाटतं पण नसतं तेही सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तसल्याच असतात. पेनड्राइव्ह लावताच 'फॉरमॅट करा' असा निरोप आला, तर बहुधा त्याची फाइल सिस्टिम बिघडलेली असते किंवा चिप मरायला टेकलेली असते. काहीशे रुपयांत घेतलेल्या '२ टीबी'च्या पेनड्राइव्हमधल्या फाइली उघडत नसतील, तर तो पेनड्राइव्हच खोटा आहे. आत जागा थोडी आणि दाखवायला मोठा आकडा. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं येत असेल, तर कधीतरी एखाद्या वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलीय. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती काढली की संपलं. आणि जुना कम्प्युटर नुसताच संथ झाला असेल तर आधी त्याच्या हार्ड डिस्ककडे बघा.

हा नेमकं करतो काय

एवढं समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

हा व्हायरस तुमच्या फाइली खात नाही. तुमचा 'निकाल' नावाचा फोल्डर असेल, तर त्याला तो दोन खुणा लावतो, 'हिडन' आणि 'सिस्टिम'. अशा दुहेरी खुणेचा फोल्डर विंडोज सहसा दाखवतच नाही, कारण ती त्याला आपल्या अंतर्गत कामाची वस्तू समजते. मग व्हायरस त्याच नावाचा, तसंच फोल्डरचं चित्र लावलेला शॉर्टकट बनवतो. तुम्ही त्यावर डबल क्लिक करता तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. आत लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरला द्यायच्या सूचनांची छोटी फाइल, चालते आणि खरा फोल्डरही उघडतो. समोर आपल्या फाइली दिसल्या की मनात शंकाच येत नाही. मॅडमना जे काळं चमकून गेलेलं दिसलं ती त्या स्क्रिप्टची खिडकी होती.

चालली की ती स्क्रिप्ट स्वतःची एक प्रत कम्प्युटरच्या आत, तुमच्या युजरच्या 'ॲपडेटा' नाहीतर 'टेम्प' फोल्डरमध्ये ठेवते. कम्प्युटर सुरू होताना आपणही सुरू व्हावं अशी नोंद करून ठेवते. मग बसून राहते आणि दर काही सेकंदांनी बघते, नवा पेनड्राइव्ह लागला का? लागला की त्यालाही तेच. म्हणजे पेनड्राइव्ह हा फक्त वाहक आहे. डास मारून घरामागचं डबकं तसंच ठेवण्यात काय अर्थ?

युक्ती जुनी आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस असाच फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेला होता. पुढे पेनड्राइव्ह आले तेव्हा विंडोज एक्सपीमध्ये 'ऑटोरन' नावाची सोय होती. ड्राइव्हमध्ये एक छोटी सूचना-फाइल ठेवली की तो लावताक्षणी किंवा नुसत्या डबल क्लिकने आतला प्रोग्रॅम चालू व्हायचा. २००८ च्या शेवटी आलेला 'कॉन्फिकर' हीसुद्धा वाट वापरायचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ती सोय बंद केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही अपडेट दिलं. तेव्हापासून अपडेट घेतलेल्या मशीनमध्ये पेनड्राइव्ह नुसता लावल्याने हा रोग लागत नाही. व्हायरसला तुमची डबल क्लिक लागते, आणि ती मिळवण्यासाठीच हा शॉर्टकटचा बनाव आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये पेनड्राइव्हमधल्या कुठल्याही चिन्हावर डबल क्लिक करायची नाही, ती यासाठी.

जागा मोजा, मग फोनवर बघा

'धिस पीसी' उघडा, पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. 'यूज्ड स्पेस'समोर पाच-सहा जीबी दिसत असतील आणि उघडल्यावर नुसते एक-दोन केबीचे शॉर्टकट, तर आनंदाची गोष्ट आहे. तुमचा डेटा आत आहे. याला एक पैसा लागत नाही आणि पुढचा निर्णय यावरच ठरतो. यूज्ड स्पेसच जवळपास शून्य असेल तर मात्र फाइली खरंच डिलीट झाल्यात. मग त्या पेनड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नका आणि थेट खाली 'इथे थांबा' या भागाकडे जा.

नंतर पेनड्राइव्ह काढून अँड्रॉइड फोनला लावा. त्यासाठी ओटीजी नावाचं छोटं कनेक्टर लागतं. शंभर रुपयांच्या आत मिळतं, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात. माझ्या अनुभवात यापेक्षा उपयोगाची वस्तू नाही. फोन विंडोजच्या त्या 'हिडन' आणि 'सिस्टिम' खुणा मानत नाही, त्यामुळे फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये सगळे खरे फोल्डर जसेच्या तसे दिसतात. शिवाय विंडोजसाठी लिहिलेली स्क्रिप्ट अँड्रॉइडवर चालूच शकत नाही. फक्त पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर काही फोन तो वाचत नाहीत.

मॅडमच्या घरी ओटीजी होतं. त्यांनी लावलं आणि म्हणाल्या, "सर, इथे बिननावाचा एक फोल्डर दिसतोय." तो उघडायला सांगितला. आत अख्खा वर्ग होता, चाचणीच्या गुणांपासून हजेरीपर्यंत. या व्हायरसचा एक प्रकार सगळ्या फाइली अशाच एका फोल्डरमध्ये हलवतो आणि त्या फोल्डरला नाव म्हणून न दिसणारं कोरं अक्षर देतो. कामाचे फोल्डर तेवढे त्यांनी फोनमध्ये कॉपी करून घेतले आणि शांतपणे झोपल्या. बाकीचं काम सकाळी केलं तरी चालण्यासारखं होतं.

कॉपी करताना फक्त ओळखीच्या फाइली घ्या, अनोळखी नावाच्या सोडा. डेटा एकदा दुसरीकडे सुरक्षित झाला की पुढे हात चुकला तरी नुकसान होत नाही, म्हणून ही पायरी इतकी वर ठेवलीय.

लपलेलं दिसू द्या

आता कम्प्युटरवर या. कुठलाही फोल्डर उघडा. विंडोज १० मध्ये वर 'व्ह्यू' टॅबवर, विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू'मधल्या 'शो'खाली, दोन खुणा करा, 'हिडन आयटम्स' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. नंतर 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'व्ह्यू' टॅबवर 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढा. विंडोज इशारा देईल, 'यस' म्हणा. काम झालं की ही शेवटची खूण परत लावून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणाकडून चुकून सिस्टिमची फाइल उडणार नाही.

आता खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील आणि शेजारी त्यांचे शॉर्टकट. एका शॉर्टकटवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट'ची ओळ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. इथे 'सीएमडी', 'डब्ल्यूस्क्रिप्ट', 'पॉवरशेल', 'रनडीएलएल३२' किंवा 'एमएसआयएक्झेक' यांपैकी एखाद्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं तर निदान पक्कं. त्याच ओळीत पुढे एखाद्या फाइलचं नाव असेल, बहुतेकदा अर्थहीन अक्षरांचं, शेवटी 'डॉट व्हीबीएस' किंवा 'डॉट जेएस'. ते नाव कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

एक्स्टेन्शन म्हणजे फाइलच्या नावामागची शेपटी. ती विंडोज मुळातच लपवून ठेवते आणि त्याचा फायदा फार पूर्वीपासून घेतला जातोय. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस ईमेलने यायचा. त्याची शेपटी व्हीबीएसची होती, पण त्याआधी टीएक्सटी लिहिलेलं असल्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटायचं. चोवीस तास शेपट्या दिसत राहतील अशी सोय माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशीनमध्ये मी करूनच देतो.

आजारी मशीन कोणतं ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि रोग परत येतो तो इथूनच.

घरातला एखादा बिनकामाचा पेनड्राइव्ह घ्या. त्यात दोन रिकामे फोल्डर आणि एक साधी नोटपॅडची फाइल ठेवा. हा तुमचा नमुना. तो संशयित कम्प्युटरला लावा, काहीही न उघडता दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या, मग इजेक्ट करून काढा आणि फोनवर बघा. त्यात शॉर्टकट किंवा अनोळखी फाइल उगवली असेल तर ते मशीन आजारी आहे. नमुना जसाच्या तसा राहिला तर या प्रकारापुरतं ते मशीन बहुधा बरं आहे, आणि तुमचा पेनड्राइव्ह बाहेरच कुठेतरी बाधित झाला.

एका शाळेत मी एकच कम्प्युटर चार वेळा साफ केला होता. दर वेळी महिन्याभरात बोलावणं यायचं आणि मलाच वाईट वाटायचं, की माझं काहीतरी चुकतंय. पाचव्या वेळी मी नमुना घेऊन एकेका खोलीत फिरलो. ऑफिस ठीक, लॅब ठीक. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात विंडोज ७ चं एक जुनं मशीन होतं, केवळ त्याला जोडलेला प्रिंटर चालतो म्हणून ठेवलेलं. इंटरनेट नाही, त्यामुळे अँटिव्हायरस कित्येक वर्षं तसाच. शाळेतला प्रत्येक जण प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन तिथेच यायचा. त्या दिवशी शिपाईमामांनी चहाचा ट्रे फिरवून सगळ्यांचे पेनड्राइव्ह गोळा केले. अकरा निघाले, त्यातले सात बाधित होते. मशीन आणि सगळे अकरा एकाच बैठकीत साफ केले, तेव्हा कुठे तो त्रास थांबला.

इंटरनेट नसलेलं मशीन सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. पेनड्राइव्हच्या बाबतीत उलटं आहे. २०१० मध्ये उघडकीला आलेला 'स्टक्सनेट' हा व्हायरस इराणमध्ये नतान्झच्या अणुकेंद्रातल्या, बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या यंत्रांपर्यंत पोहोचला होता. त्याला तर डबल क्लिकही लागत नव्हती. शॉर्टकटचं नुसतं चित्र स्क्रीनवर दिसलं की पुरे. मायक्रोसॉफ्टने ते भोक ऑगस्ट २०१० मध्ये बुजवलं, पण ज्यांनी ते अपडेट घेतलं त्यांच्यापुरतंच.

चालू असलेली स्क्रिप्ट थांबवा

आजारी मशीन सापडलं की आधी त्यातून सगळे पेनड्राइव्ह काढा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' किंवा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' असं काही दिसलं तर ते निवडून 'एंड टास्क' करा. घरच्या कम्प्युटरवर हे सहसा आपोआप चालू नसतं. ऑफिसच्या काही मशीनवर आयटीवाल्यांनी कामासाठी लावलेलं असतं, तिथे आधी विचारा. स्क्रिप्ट चालू असताना शॉर्टकट डिलीट करणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' टॅब आहे. तिथे अनोळखी नाव, प्रकाशकाचं नाव कोरं, असं काही असेल तर 'डिसेबल' करा. नंतर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'शेल' लिहा, लगेच कोलन, मग जागा न सोडता 'स्टार्टअप', आणि एंटर. जो फोल्डर उघडेल त्यात मघाशी कागदावर लिहिलेलं नाव दिसलं तर ती फाइल डिलीट करा.

स्कॅन, पण त्याआधी एक यादी

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकट आणि आधीपासूनच असतो. या बिघाडासाठी तो पुरतो, हे मी अनुभवाने सांगतो. विकतचा अँटिव्हायरस वैध असेल तर त्याचाच फुल स्कॅन करा. पुण्याचं 'क्विक हील' माहीत नाही असा माणूस या धंद्यात नसेल. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कम्प्युटर दुरुस्त करायचे आणि भाऊ संजय यांनी दुकानात येणाऱ्या बाधित मशीनसाठी उपाय लिहायला घेतला, ही त्याची सुरुवात. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला त्याचं अप्रूप वाटतंच. पण कुठलाही घ्या, एकाच वेळी दोन नकोत. दोन्ही एकमेकांना अडवतात आणि मशीन ठप्प होतं.

नवीन लॅपटॉपवर बरेचदा एखाद्या अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती येते. तिची मुदत संपते, संरक्षण बंद पडतं, आणि ती तशीच बसलेली असते म्हणून डिफेंडरही पूर्ण ताकदीने पुढे येत नाही. अशी मुदत संपलेली आवृत्ती असेल तर आधी काढून टाका.

आता ती यादी. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', आणि अगदी खाली 'एक्सक्लूजन्स'. ज्या जागा स्कॅन करायच्या नाहीत त्यांची ही यादी. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर ती रिकामी असायला हवी. मी अशी मशीनं पाहिलीत जिथे या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घातलेला होता. स्कॅन दोन मिनिटांत 'सगळं ठीक' सांगायचा, कारण त्याला बघूच दिलं जात नव्हतं. हे बहुतेकदा चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येतं, ज्याच्या सूचनेत पहिलीच ओळ असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. डीटीपीच्या दुकानांमध्ये, फोटो स्टुडिओमध्ये हे सर्रास चालतं आणि त्या एका ओळीपायी लोक वर्षांचं काम धोक्यात घालतात. कळकळीने सांगतो, अशी विनंती करणाऱ्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवू नका.

यादी रिकामी करा, अपडेट घ्या आणि 'फुल स्कॅन' लावा. तास-दोन तास लागतील, रात्री लावून झोपा. सकाळी 'स्कॅन ऑप्शन्स'मधूनच 'ऑफलाइन स्कॅन' करा. त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासणी होते, म्हणजे लपून बसणाऱ्याला उठायलाच मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही बॉट, म्हणजे तुमचं मशीन परक्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम, काढण्याची मोफत साधनं मिळतात. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं.

आता पेनड्राइव्ह

मशीन साफ झालं, नमुना लावून खात्री केली, मगच मूळ पेनड्राइव्ह लावा. लावताच उघडू नका. उजवी क्लिक करून आधी स्कॅन करा.

खऱ्या फोल्डरवरची 'हिडन'ची खूण प्रॉपर्टीजमधून काढायला जाल तर ती फिकट आणि निर्जीव दिसेल, क्लिकच होणार नाही. सोबत 'सिस्टिम'ची खूण असते म्हणून. ती कमांडनेच निघते. ही कमांड मी लोकांना फोनवर अक्षर-अक्षर सांगतो, तशीच इथे लिहितो.

स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा आणि उघडा. लिहा: ए, टी, टी, आर, आय, बी. मग स्पेस, वजा एच. स्पेस, वजा आर. स्पेस, वजा एस. स्पेस, पुढची तिरपी रेघ आणि एस. स्पेस, पुढची तिरपी रेघ आणि डी. स्पेस, मग तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरपी रेघ, तारा, डॉट, तारा. एंटर. सगळी अक्षरं इंग्रजी, लहान-मोठी कशीही चालतात.

वजा एच, आर, एस म्हणजे हिडन, रीड-ओन्ली आणि सिस्टिम या तीन खुणा काढ. रेघ एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरपर्यंत जा, रेघ डी म्हणजे खुद्द फोल्डरांनाही लाव. पेनड्राइव्हचं अक्षर 'धिस पीसी'मध्ये बघून दोनदा पडताळा. चुकून सी लिहिलंत तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या खुणा निघतील आणि नवीनच काम मागे लागेल.

फोल्डर पुन्हा ठळक दिसायला लागले की शॉर्टकट आणि ती अनोळखी नावाची स्क्रिप्ट डिलीट करा. बिननावाचा फोल्डर असेल तर त्यातल्या तुमच्या फाइली बाहेर घेऊन तोही काढा. आणि डेटा दुसरीकडे ठेवलेला असेल, तर आता हवं असल्यास खुशाल फॉरमॅट करा. फॉरमॅटची जागा ही, शेवटची.

यानंतर जिथे जिथे हा पेनड्राइव्ह लावला होता त्यांना फोन करून सांगा. संकोच करू नका.

बाहेर प्रिंट काढायला जाताना मी स्वतः मायक्रो एसडी कार्ड मोठ्या ॲडॅप्टरमध्ये घालून नेतो. त्या ॲडॅप्टरच्या कडेला एक चिमुकली खटकी असते, ती खाली सरकवली की कार्ड लॉक होतं. बहुतेक कार्ड रीडर हे लॉक पाळतात, म्हणजे दुकानातलं मशीन वाचू शकतं, लिहू शकत नाही. फोटोग्राफर मित्रांना तर मी हे आवर्जून सांगतो. लग्नाचं कार्ड पहिल्यांदा कुठल्याही कम्प्युटरला लावताना लॉक करूनच लावा.

इथे थांबा

खालीलपैकी काही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका.

फाइलींच्या नावांना नवीनच शेपटी लागलीय, एकही उघडत नाही, आणि पैसे मागणारी चिठ्ठी प्रत्येक फोल्डरमध्ये आहे. हा शॉर्टकट व्हायरस नाही, ही खंडणी आहे. लगेच वाय-फाय बंद करा, नेटवर्कची तार काढा, बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तीही काढा. काहीही डिलीट करू नका, कारण पुढेमागे त्या फाइली सुटण्याची शक्यता असते. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांचा सहभाग असलेला, २०१६ पासून चालणारा उपक्रम काही प्रकारांसाठी मोफत किल्ल्या देतो. जाणकाराला तिथे तपासायला सांगा.

त्या कम्प्युटरवरून बँकेचे किंवा जीएसटीचे व्यवहार होत असतील तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून सगळे पासवर्ड बदला आणि मशीन जाणकाराकडे द्या. काही स्क्रिप्ट नुसत्या पसरत नाहीत, मागून आणखी काही उतरवून घेतात. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन. तिथे मिनिटांना किंमत आहे.

घरच्या कम्प्युटरवर विंडोज सिक्युरिटी 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' अशा अर्थाचं काही सांगत असेल आणि डिफेंडर चालूच होत नसेल, किंवा ऑफलाइन स्कॅननंतरही नमुना पुन्हा बाधित होत असेल, तर मुळं खोल गेलीत. अशा वेळी मी स्वतःही तासन्‌तास रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची अंतर्गत वही, उसवत बसत नाही. डेटा काढतो आणि विंडोज कोरं टाकतो. टॅलीचा डेटा, जुने फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर हे सगळं आधी नोंदवावं लागतं, म्हणून सवय नसेल तर हे घरी करू नका.

ऑफिसमधली मशीनं एकमेकांना जोडलेली असतील तर एकालाही हात न लावता आयटीवाल्यांना सांगा. आणि पेनड्राइव्हमधल्या फाइली खरंच उडाल्या असतील, किंवा हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर डेटा रिकव्हरीच करणारा माणूस शोधा. प्रत्येक दुरुस्तीवाला ते काम करत नाही.

मशीन कुणाच्याही हाती देताना दोन प्रश्न विचारा. "आधी माझ्या डेटाची कॉपी कशावर घेणार?" आणि "माझे पेनड्राइव्हही तपासणार ना?" तपासायच्या आधीच 'फॉरमॅट मारून देतो' असं उत्तर आलं तर मशीन उचला आणि दुसरीकडे जा.

सगळं झाल्यावर नमुन्याचा पेनड्राइव्ह टाकून देऊ नका. आठ दिवस नेहमीसारखं काम करा, मग तो पुन्हा त्याच मशीनला लावा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि फोनवर बघा. आत दोन फोल्डर आणि एक नोटपॅडची फाइल, एवढंच दिसलं की काम झालं.